घरच्या संगणकाचे संरक्षण

मनुष्य जेव्हा एखादे नवे साधन घरात आणतो, तेव्हा त्या साधनाबरोबर काही नवी पथ्येही त्याला शिकावी लागतात. विजेचे दिवे आले तेव्हा ओल्या हाताने बटणास स्पर्श करू नये, हे मुलांना शिकवावे लागले. स्वयंपाकाचा गॅस आला तेव्हा रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागली. ही पथ्ये पाळण्यासाठी कोणास अभियंता अथवा रसायनशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. मात्र पथ्यामागील कारण ठाऊक असले, म्हणजे ते अधिक निष्ठेने पाळले जाते.

संगणक आता आपल्या घरात येऊन स्थिरावला आहे. कोठे तो मेजावर असतो, कोठे मांडीवर. आणि भारतातील बहुसंख्य कुटुंबांत तो मोबाईल फोनच्या रूपाने खिशात असतो. बँकेतील शिल्लक, मुलांच्या परीक्षेची प्रमाणपत्रे, घरातील माणसांची छायाचित्रे, आप्तांचा पत्रव्यवहार अशा अनेक मोलाच्या गोष्टी आपण त्याच्या स्वाधीन केल्या आहेत. या ठेव्यावर दुरून हात मारणारे लोक जगात आहेत, आणि त्यांना आपल्या अंगणात पाऊलही टाकावे लागत नाही. त्यांच्यापासून संरक्षण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केला आहे. आरंभीच एक गोष्ट सांगावयास हवी. घरच्या संगणकास होणारा अपाय बहुधा एखाद्या अद्‌भुत नव्या युक्तीने होत नाही. तो पूर्वीच ज्ञात झालेल्या मोजक्या वाटांनी होतो. या वाटा बंद ठेवण्यासाठी अलौकिक बुद्धीपेक्षा नियमितपणाचीच अधिक आवश्यकता असते.

आज्ञा आणि माहिती

संगणकाच्या मूळ रचनेतच त्याच्या दुबळेपणाचे बीज आहे. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने एका प्रसिद्ध अहवालात अशा यंत्राची रूपरेषा मांडली, की ज्यात करावयाच्या कामाच्या आज्ञा आणि ज्यावर काम करावयाचे ती माहिती, ही दोन्ही एकाच स्मृतीत साठविलेली असतील. आजचे संगणक याच तत्त्वावर चालतात. एकाच यंत्राकडून हिशेब, चित्र, पत्र, संगीत अशी नाना प्रकारची कामे करून घेता येतात ती यामुळेच. परंतु यंत्राच्या दृष्टीने पत्र काय आणि आज्ञावली काय, दोन्ही शून्य आणि एक यांच्या ओळीच होत. आलेली आज्ञा मालकाच्या खऱ्या इच्छेची आहे की परक्याने घुसविलेली आहे, हे त्याला स्वतः होऊन कळत नाही.

सबब परक्या आज्ञेला संगणकात शिरावयास दोन वाटा मिळतात. पहिली वाट म्हणजे एखाद्या आज्ञावलीतील चूक. अर्जावर नाव लिहिण्यासाठी ठराविक चौकटी आखलेल्या असतात. कोणी त्याहून लांब नाव लिहिले तर उरलेली अक्षरे शेजारच्या रकान्यात जातात. आज्ञावली लिहिणाऱ्याने अक्षरे मोजण्याची दक्षता घेतली नाही, तर संगणकाच्या स्मृतीतही असेच घडते. आणि ‘शेजारच्या रकान्यात’ जर पुढील आज्ञेचे स्थान असेल, तर बाहेरून आलेली अक्षरेच आज्ञा बनून बसतात. दुसरी वाट याहून सोपी आहे. तीत चोर दार फोडत नाही. तो घरमालकाकडूनच दार उघडवून घेतो.

विषाणू आणि कृमी

स्वतःची प्रत दुसऱ्या आज्ञावलीत मिसळून पसरणाऱ्या आज्ञावलीला ‘विषाणू’ हे नाव रूढ झाले ते फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाच्या १९८४ मधील निबंधामुळे. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू लवचिक चकत्यांतून, म्हणजे फ्लॉपींतून, देशोदेशी पोहोचला. वैयक्तिक संगणकांवर दूरवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी तो एक होय. १९९० मध्ये भारतात आढळलेला एक विषाणू ‘जोशी’ या नावाने ओळखला जातो. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून ठेवी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत टंकलिखित केल्याविना पुढे जाऊ देत नसे. हा प्रकार थट्टेचा वाटला, तरी त्यातील तत्त्व गंभीर होते: परक्याची आज्ञा आपल्या संगणकावर आपल्या संमतीवाचून चालत होती.

विषाणूला पसरण्यासाठी माणसाच्या हाताची गरज लागे. ‘कृमी’ला तीही लागत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेली कृमी आपण होऊन एका संगणकातून दुसऱ्यात शिरू लागली. त्या काळच्या अंदाजानुसार इंटरनेटला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० तिच्या भक्ष्यस्थानी पडले. तिच्या मार्गांपैकी दोन आपल्या दृष्टीने बोधप्रद आहेत. एका आज्ञावलीने ५१२ अक्षरांची जागा राखली होती, पण येणारी अक्षरे ती मोजत नव्हती. कृमीने तिच्याकडे ५३६ अक्षरे पाठविली आणि वर सांगितल्याप्रमाणे शेजारच्या रकान्यात प्रवेश मिळविला. दुसरा मार्ग असा, की कृमीने ४३२ शब्दांची एक यादी बरोबर नेली होती. लोक परवलीचा शब्द म्हणून हेच शब्द ठेवीत असतील अशी तिच्या कर्त्याची अटकळ होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती खरी ठरली. आज्ञावलीतील चूक आणि माणसाची सवय, या दोन्ही वाटा त्या एकाच घटनेत दिसून आल्या. या घटनेनंतर त्याच महिन्यात अमेरिकेत अशा आपत्तींशी सामना करणारे पथक स्थापन झाले. भारतात हे कार्य ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था २००४ पासून करीत आहे.

एकोणसाठ दिवसांची गोष्ट

चूक सापडणे, ती दुरुस्त होणे आणि ती दुरुस्ती घरोघरच्या संगणकांत पोहोचणे, या तीन वेगवेगळ्या घटना होत. त्यांमधील अंतरात किती अनर्थ घडू शकतो हे २०१७ मध्ये जगाने पाहिले.

विंडोज या कार्यप्रणालीत एका संगणकातील धारिका दुसऱ्याला उपलब्ध करून देणाऱ्या भागात एक चूक होती. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. पुढील महिन्यात त्या चुकीचा फायदा घेणारे एक साधन, जे मूळ अमेरिकेच्या एका गुप्तहेर संस्थेकडील होते, ते चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची कृमी त्याच साधनाच्या बळावर निघाली. ती ज्या संगणकात शिरे, तेथील धारिका गणिती कुलपात बंद करी आणि किल्लीच्या बदल्यात ३०० डॉलर इतकी खंडणी बिटकॉइनच्या रूपात मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक तिने ग्रासले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही तिची बाधा झाली.

दुरुस्ती आणि आपत्ती यांत ५९ दिवसांचे अंतर होते. ज्यांनी त्या अवधीत आपला संगणक अद्ययावत केला, त्यांच्या दारावरून कृमी निघून गेली. बाधा झालेल्यांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ वर चालणारे होते, म्हणजे त्यांच्यासाठी औषध तयार होते. फक्त ते घेतले गेले नव्हते. ‘अद्ययावत करावे काय?’ असा प्रश्न संगणक विचारतो तेव्हा ‘नंतर पाहू’ असे उत्तर देण्याचा मोह आपणा सर्वांनाच होतो. त्या उत्तराची किंमत काय असू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. यासाठी कार्यप्रणाली आणि न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, यांची स्वयंचलित दुरुस्ती नेहमी चालू ठेवावी. ज्या कार्यप्रणालीला तिचा निर्माता दुरुस्त्या पुरविणे थांबवितो, ती घरात ठेवून तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे सुरक्षित नव्हे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. असा संगणक नव्या कार्यप्रणालीस पेलवत नसेल, तर त्यावर लिनक्ससारखी मोफत व नियमित दुरुस्त होणारी कार्यप्रणाली घालता येते.

परवलीच्या शब्दाचे गणित

जुन्या किल्ल्यांवर रात्री परवलीचा शब्द उच्चारल्यावाचून दिंडी दरवाजा उघडत नसे. संगणकातील परवलीचा शब्द तेच काम करतो. परंतु येथे विचारणारा पहारेकरी यंत्र आहे आणि अंदाज करणाराही यंत्रच आहे.

संकेतस्थळांवर आपला परवलीचा शब्द जसाच्या तसा ठेवीत नाहीत, निदान ठेवू नये असा संकेत आहे. त्यावर एक एकेरी गणिती क्रिया करून मिळालेली संख्या तेवढी साठवितात. शब्दावरून संख्या काढणे सोपे असते, संख्येवरून शब्द काढता येत नाही. अशा संख्यांची यादी चोराच्या हाती लागली, तर तो एकामागून एक शब्द घेऊन तीच क्रिया करून पाहतो आणि उत्तर जुळते काय ते तपासतो. समजा, त्याचे यंत्र सेकंदाला १०० कोटी शब्द तपासू शकते. इंग्रजी वर्णमालेतील २६ लहान अक्षरांतून यदृच्छया निवडलेल्या आठ अक्षरांच्या शब्दाचे सुमारे २०,८८२ कोटी प्रकार संभवतात. संख्या मोठी दिसते खरी, पण त्या यंत्राला त्या सर्वांसाठी साडेतीन मिनिटे पुरतात. शब्द बारा अक्षरांचा केला तर हाच काळ सुमारे तीन वर्षे होतो, आणि सोळा अक्षरांचा केला तर सुमारे १३ लाख ८० हजार वर्षे. अक्षरांच्या जागी एखादे चिन्ह घालण्यापेक्षा लांबी वाढविणे किती फलदायी आहे, हे यावरून दिसेल.

हे गणित निवड खरोखर यदृच्छया केली असेल तरच लागू पडते. मुलाचे नाव, जन्मसाल किंवा आराध्य दैवत यांचा अंदाज करण्यास यंत्राला मिनिटही लागणार नाही. यावर एक सोपा उपाय आहे. शब्दकोश हाती घेऊन डोळे मिटून सहा ठिकाणी उघडावा, आणि जे परस्परांशी संबंध नसलेले शब्द मिळतील ते रोमन लिपीत सलग लिहावेत. असे सहा शब्द स्मरणात राहतात आणि अंदाजात सापडत नाहीत.

याहूनही महत्त्वाचा नियम असा, की एक परवलीचा शब्द दोन ठिकाणी वापरू नये. एखाद्या लहानशा दुकानाच्या संकेतस्थळावरून चोरलेला शब्द चोर प्रथम आपल्या पत्रपेटीवर आणि नंतर बँकेवर चालवून पाहतो. सर्व शब्द लक्षात राहत नसतील, तर त्यांची साठवण करणारी विश्वासार्ह आज्ञावली, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरावी. तेही जमत नसेल तर घरच्या कपाटात कुलपाआड ठेवलेली वही सर्वत्र एकच शब्द वापरण्यापेक्षा पुष्कळ बरी. कारण परदेशातील चोराला आपले कपाट उघडता येत नाही. पत्रपेटी व बँक यांना मोबाईलवरील संकेतांकासारखा दुसरा पुरावा मागण्याची सोय असते. ती अवश्य चालू करावी. पत्रपेटी तर सर्वांत आधी सुरक्षित करावी, कारण इतर सर्व खात्यांचे विसरलेले परवलीचे शब्द बदलण्याची वाट तिच्यातूनच जाते.

दार उघडवून घेणारे

४ मे २००० रोजी जगातील लक्षावधी लोकांना ओळखीच्या व्यक्तीकडून प्रेमपत्र आल्याचा भास झाला. पत्रासोबतच्या धारिकेच्या नावात ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण होती. परंतु तिच्यापुढे ‘व्हीबीएस’ ही आज्ञावलीची खूण होती आणि विंडोज ती शेवटची खूण सामान्यतः लपवून ठेवी. ज्यांनी ती धारिका उघडली, त्यांच्या संगणकातील अनेक धारिका नष्ट झाल्या आणि त्यांच्या परिचितांनाही तेच पत्र त्यांच्याच नावाने गेले. हे कृत्य फिलिपाईन्समधील एका तरुणाचे होते. तेथे त्या वेळी यासंबंधी कायदाच नसल्याने त्याला शिक्षा होऊ शकली नाही. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अंमलात आला.

प्रेमपत्राची जागा आज इतर निमंत्रणांनी घेतली आहे. मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून एक धारिका येते, किंवा वाहनाचा दंड भरण्याची सूचना येते. धारिकेच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही अक्षरे अँड्रॉइड फोनवर बसविण्याच्या आज्ञावलीची खूण होत. लग्नपत्रिका चित्र असू शकेल, आज्ञावली असण्याचे कारण नाही. आज रात्री वीज तोडली जाईल, बँकेचे खाते बंद पडेल, पार्सल अडकून पडले आहे, असे सांगणारे संदेशही याच जातीचे. या सर्वांत एक समान धागा आहे: भय किंवा लोभ, आणि त्याला जोडलेली घाई. माणसाने शांतपणे विचार करू नये एवढीच फसविणाऱ्याची अपेक्षा असते.

याच धाग्याचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अटक’. पोलिसांचा गणवेश चढविलेला कोणी मनुष्य चित्रसंवादावर येतो, तुमच्या नावे गंभीर गुन्हा नोंदला आहे असे सांगतो, कोणाशीही बोलू नका अशी ताकीद देतो, आणि तासन्‌तास, क्वचित दिवसच्या दिवस, त्या माणसास पडद्यासमोर बसवून ठेवून जन्माची पुंजी दुसऱ्या खात्यात वळती करून घेतो. निवृत्त, सुशिक्षित आणि प्रामाणिक माणसे याला बळी पडली आहेत; कायद्याविषयी त्यांच्या मनात असलेला आदरच त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. भारतीय कायद्यात अशा प्रकारची कोणतीही अटक नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील भाषणातून तसे स्पष्ट केले. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना ही एक गोष्ट जरी तरुणांनी नीट समजावून सांगितली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

येथे उपयोगी पडतील अशी काही निश्चित सत्ये सांगता येतात. यूपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. पैसे येणार असे सांगून जो पिन टाकावयास लावतो, तो पैसे घेत असतो. बँकेचा कोणताही अधिकारी एकवार वापराचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, विचारीत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दिसेल अशी आज्ञावली बसविणे म्हणजे तिजोरी त्याच्या देखत उघडणे होय. न्याहाळकातील कुलपाची खूण एवढेच सांगते, की वाटेत कोणी संभाषण ऐकत नाही. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे याची हमी ती देत नाही. यासाठी पत्ता वाचावा आणि तो उजवीकडून वाचावा, कारण पत्त्याचा मालक कोण हे त्याच्या शेवटच्या भागावरून ठरते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घेण्यास सांगितले ते याच हेतूने.

घरातील व्यवस्था

इंटरनेट घरात आणणारी लहानशी पेटी, म्हणजे राऊटर, हीसुद्धा एक संगणकच आहे, याचा बहुतेकांना विसर पडतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने कारखान्यातून आलेले सुमारे साठ परवलीचे शब्द वापरून असंख्य राऊटर व कॅमेरे ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपल्या घरातून दुसऱ्यावर हल्ला होत आहे याची कल्पनाही नव्हती. सबब राऊटरचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. संगणकावर रोजच्या वापरासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते असावे, म्हणजे चुकून शिरलेल्या आज्ञावलीलाही मर्यादितच अधिकार मिळतात. शाळा आणि ग्रंथालये येथील सामाईक संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि उठण्यापूर्वी आपल्या खात्यातून बाहेर पडावे.

इतके करूनही अपघात होणारच नाही असे नाही. म्हणून महत्त्वाच्या धारिकांच्या राखीव प्रती ठेवाव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा सर्वमान्य नियम होय. प्रत घेतल्यावर ती बाह्य तबकडी संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली तबकडी खंडणीखोर आज्ञावलीच्या तावडीतून सुटत नाही. राखीव प्रत असलेल्या माणसापुढे खंडणीखोराचे काही चालत नाही.

फसवणूक झालीच तर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच प्रथम लाज बाजूस सारावी आणि १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करावी. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने हलविले जातात, आणि ते मधेच गोठविता येतील की नाही हे तक्रारीच्या त्वरेवर अवलंबून असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंदविता येते. संदेश, क्रमांक व व्यवहाराचे तपशील पुसून न टाकता जपून ठेवावेत. संगणकास बाधा झाली असेल तर त्याचा इंटरनेटशी संबंध तोडावा आणि परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत. बाधा तपासण्याची साधने सर्ट-इनचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ मोफत पुरविते. त्याची स्थापना फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली.

‘स्वच्छता’ हा शब्द येथे फार समर्पक आहे. पटकीची साथ गावात येते तेव्हा एका घराने पाणी उकळून प्यावे हे त्या घराच्या हिताचे असते, आणि शेजाऱ्यांच्याही. बाधा झालेला संगणक आपल्या मालकाबरोबर इतरांनाही छळतो, हे प्रेमपत्राच्या आणि मिराईच्या कथेत आपण पाहिले. संगणक अद्ययावत ठेवणे, प्रत्येक दाराला वेगळी व लांब किल्ली असणे, राखीव प्रत काढून ठेवणे आणि घाई करणाऱ्याला थांबावयास लावणे, ही चार पथ्ये कोणत्याही कुटुंबाला पाळता येण्याजोगी आहेत. विद्यार्थ्यांनी ती स्वतः पाळावीत, आणि ज्यांनी त्यांना अक्षरओळख करून दिली त्या घरच्या वडील मंडळींनाही शिकवावीत.